अकरा काळे ठिपके

हाल्श्काबाई पोलंडमधल्या तोरुनच्या छापखान्यात लागली तेव्हा शिशाचे खिळे जुळवायची. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ती संगणकावर लाटेकमध्ये प्रबंध जुळवते. मजकुरात हुकूम लिहायचे, की पान आणि आकृत्या आपोआप बनतात. मी शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासते. हुकूम मला कळत नाहीत, पण बाईच्या शिव्या कळतात.

त्या शुक्रवारी दोब्रोह्ना या विद्यार्थिनीचा प्रबंध जुळवायला घेतला. तिने एकशे चाळीस अळंब्यांचे देठ आणि टोप्या मोजल्या होत्या. आकृतीत प्रत्येक अळंबीचा एक ठिपका, आणि रंग रानाप्रमाणे: पाइनचं नारिंगी, पानझडीचं निळं, दलदलीचं हिरवं. नोंदीत रानाचं एक अक्षर असायचं, त्यावरून रंग आपोआप भरायचा. जे अक्षर यादीत नाही, त्याचा ठिपका काळा. हा हुकूम हाल्श्काबाईने स्वतःच घातलेला. "चोर काळ्या कपड्यात पकडायला सोपा," ती म्हणायची.

अकरा ठिपके काळे आले. सगळे वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे सगळ्यांत मोठ्या अळंब्यांचे.

"अक्षर काय आहे गं?" हाल्श्काबाईने शेजारी उभ्या दोब्रोह्नाला विचारलं.

"एम," दोब्रोह्ना म्हणाली. "त्या अकरा आजीच्या गावच्या ग्रात्स्यान आजोबांनी दिल्या. निवृत्त वनरक्षक. त्यांच्या वहीत आहे तसंच मी उतरवलं."

दोनच्या आत तिच्या मार्गदर्शकांची, प्रोफेसर झारेंबांची, सही झाली नाही, तर परीक्षा थेट शरदात जाणार होती. प्रोफेसर फोनवर म्हणाले, "देठ लांब आहेत, म्हणजे दलदलीतल्याच. ठिपके हिरवे करा."

हाल्श्काबाईने फोन ठेवला. "वा! लांबीवरून रान ठरवायचं आणि मग म्हणायचं, रानामुळे लांबी वाढते. सासूनं सुनेचा स्वयंपाक न चाखताच खारट म्हणावं, तसं झालं." तिने थेट म्हाताऱ्यालाच फोन लावला आणि आवाज आम्हाला ऐकू येईल असा केला.

"ग्रात्स्यानराव, एम म्हणजे काय?"

"मोये."

म्हणजे 'माझी'.

"तुमची म्हणजे?"

"माझी म्हणजे माझी. माझ्या जागेवरची. पोरीला अळंब्या दिल्या, जागा नाही दिली. बायकोलाही चाळीस वर्षं सांगितली नाही."

दोब्रोह्नाने कपाळावर हात मारला. हसू मला आलं, तिला नाही. आमच्याकडे माणूस पगार सांगेल, दुखणं सांगेल, पण अळंबीची जागा सरणावरही सांगणार नाही.

"आजोबा, जागा नको हो," ती काकुळतीला आली. "रान कसलं, एवढंच सांगा. दोन वाजता माझं वर्ष जाईल."

"पोरी, आमच्याकडे दरेक रान एकेकच आहे. रान सांगितलं की जागाच सांगितली."

"मग प्रोफेसर म्हणतात तसे ठिपके दलदलीचे, हिरवे करते," हाल्श्काबाई सहज म्हणाली.

पलीकडून म्हातारा एकदम ओरडला.

"हिरवे? हिरवे का? कोण बोललं?"

हाल्श्काबाईने माझ्याकडे पाहिलं, मी दोब्रोह्नाकडे. तिघींना कळलं.

"कोणी नाही," बाई म्हणाली. "तुम्हाला कोणता रंग हवा?"

"लाल नको. लोकांची नजर जाते." मग जरा थांबून, "राखाडी चालेल."

फोन बंद झाल्यावर दोब्रोह्ना म्हणाली, "आता खात्रीच झाली की. करू या ना हिरवे!"

"तो बोलला का तसं?"

"नाही, पण..."

"मग त्याच्या वहीत नाही ते माझ्या पानात नाही." हाल्श्काबाईने यादीत चौथं अक्षर घातलं, राखाडी रंग दिला. आकृतीखाली ओळ आली: एम – गोळा करणाऱ्याने ठिकाण सांगितले नाही.

दीड वाजता दोब्रोह्ना पान घेऊन पळाली. पावणेदोनला प्रोफेसरांचा फोन आला.

"सही केली," ते म्हणाले. "सांगितलं नाही म्हणजे नाही, हे मला समजतं. माझ्याही दोन जागा आहेत." घसा खाकरून त्यांनी आवाज खाली आणला. "पण हाल्श्काबाई, हा म्हातारा नेमका कुठल्या गावचा?"

"मुलीच्या आजीच्या," बाई म्हणाली आणि पुढचा प्रबंध उघडला.