बर्फावरचं नाणं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगते — मधेच अडवू नका, नाहीतर पुन्हा गिळून टाकीन.

तलासरीत एका छोट्या कारखान्यात मी पॅकिंग सांभाळायचे. मेंदूत झोपेशी संबंधित एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा असतो, तोच बनवून आम्ही प्रयोगशाळांना पाठवायचो. बोटाएवढ्या बाटलीत चिमूटभर पांढरी पूड, वर लेबल — फक्त संशोधनासाठी. ‘उंदरांना झोपवायला एवढा खटाटोप?’ साफसफाईला वेवजीहून येणारी कमळ हसायची. ‘आमच्या पाड्यावर धाडा, ताय. दिवसभर राबवू, आपोआप झोपतील.’

पूड कडक थंडीतच टिकते. म्हणून फ्रीझरमध्ये एका वाटीत बर्फ आणि बर्फावर एक नाणं ठेवलेलं. मधे थंडी गेली की बर्फ वितळतो, नाणं तळाला जातं. पुन्हा बर्फ झाला तरी ते वर येत नाही.

माझं माहेर डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आगर गावचं. शुक्रवारी तिथे मुक्काम, शनिवारी ताजी मासळी घेऊन थेट कामावर. संध्याकाळपर्यंत ती टिकणार कुठे? मी त्याच फ्रीझरमध्ये ठेवायचे. कमळने पाहिलं होतं. ‘पापलेटला पण झोप येत नाय का?’ म्हणाली होती. दोघी हसलो होतो.

एका शनिवारी बसच्या घाईत मी पिशवी ओढून काढली, फ्रीझरचं झाकण नीट दाबलं नाही. सोमवारी नाणं तळाला. सगळा माल फुकट — आणि मासळीचा वास.

‘आमां माछली कोणे मूकी?’ यात मासळी कुणी ठेवली, असं कारखान्याच्या गुजराती शेठनी विचारलं.

‘मी नाय,’ कमळ म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सांगेन म्हणून थांबली होती. मी नुसती गप्प राहिले असते, तर — नाही, गप्प राहिले नाही. तेच तर सांगायचं आहे. मी म्हणाले, ‘शेठ, सुकट रोज हिच्याच डब्यात असते.’

शब्द खरा होता. सुकट असायचीच.

शेठनी तिला त्याच दिवशी काढलं. तिच्या घरात तेवढाच एक पगार येत होता, हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. तिने माझं नाव का घेतलं नाही? घेतलं असतं तरी कुणी मानलं असतं?

पुढे एकदा डहाणूला भेटली. चिकूच्या वाडीत रोजंदारीवर निघाली होती. ‘मासली आता कुठं ठेवता, ताय?’ तिने विचारलं. आवाज चढवला नव्हता.

‘घरीच,’ म्हणाले आणि रिक्षात बसले.

तेही खोटं. कारखान्यात नवा फ्रीझर आला होता. शनिवारची मासळी त्यातच जायची — घट्ट डब्यात घालून. झाकण तेवढं आता मी दोनदा दाबून बघायचे.