अधारतालच्या बैठकीतली मराठी

जबलपूरच्या अधारताल भागातल्या एका घरी तिवारीजी गुंतवणुकीचा पाच वर्षांचा प्लॅन समजावत होते. समोरच्या काकू चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, "मान काहून हलवून राहिले तुम्ही? सराफ्यात पोरीचे दागिने घडवायला टाकलेत ना? ते पैसे हा देणार काय?"

काकाही हसतच म्हणाले, "थांब. माणूस घरी आलाय, तोंडावर नाही कसं म्हणू?"

"आणि ह्याचा टाय बघा. पाहूनच मला गरम होऊन राहिलं."

तिवारीजी माझे ब्रांच मॅनेजर. त्यांना मराठी येत नव्हती. दोघं हसताना पाहून ते खूश झाले आणि त्यांनी पान उलटलं. मला मराठी येत होती, घरचीच भाषा ती. पण त्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. तिवारीजींनी माझी ओळख "हमारी नेहा जी" एवढीच करून दिली होती. आडनाव सांगायची वेळ आली नव्हती, कारण प्रोबेशनवरच्या माणसाचं व्हिजिटिंग कार्ड छापत नाहीत. शिवाय मीटिंगमध्ये सीनियर बोलतो, ज्युनियर ऐकतो.

जबलपूरच्या मराठी घरांत ही जुनी सोय आहे. बाहेरच्याशी हिंदी, आणि बाहेरच्यासमोर आपसात मराठी. साडीच्या दुकानात माझी आईही तेच करते.

वेल्थ मॅनेजमेंट म्हणजे माणसाची बचत, ती त्याला कधी लागणार हे पाहून, योग्य जागी ठेवणं. कॉलेज संपल्यावर मी हे काम निवडलं, कारण मला फाइलींपेक्षा माणसं बरी वाटत होती. कांचघरला आमच्या घरी हे कारण चाललं नाही. बाबा म्हणाले, "बँकेची परीक्षा दे. लोकांच्या दारी हिंडायची ही काय नोकरी?" शेवटी तडजोड झाली. नोकरीत कायम झाले तर ठीक, नाहीतर कोचिंग क्लास. कायम व्हायला प्रोबेशनमध्ये एक तरी क्लायंट माझ्या नावावर यायला हवा होता. प्रोबेशन संपत आलं होतं आणि हातात हे एकच घर होतं.

प्लॅनला लॉक-इन होता. म्हणजे मुदत संपेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. तिवारीजींनी ते सांगितलं होतं. "नज़दीक में कोई बड़ा खर्चा तो नहीं?" असंही त्यांनी रीतसर विचारलं होतं. काका म्हणाले होते, "नहीं जी, कुछ नहीं." घरातलं लग्न परक्याला कशाला सांगायचं?

आता काकांनी भिडेपोटी पेन उचललं.

मी म्हणाले, "काकू, लग्न कधी आहे?"

पेन थांबलं. काकूंनी कपबशी खाली ठेवली.

"अगं बाई! तू आपल्यातली?"

"हो. कांचघरला राहतो आम्ही."

"म्हणजे मघापासून सगळं ऐकून राहिली होतीस?"

"सगळं. पैसे लग्नाला लागणार असतील तर यात घालू नका. अडकतील."

"क्या हुआ?" तिवारीजींनी विचारलं.

काकू घाईने मला म्हणाल्या, "टायचं नको सांगू हं."

"सर, इनकी बेटी की शादी है. नवंबर में," काकूंनी हळूच पुटपुटलेला महिना ऐकून मी सांगितलं.

"अरे भाईसाहब, पहले बताते!"

"घर की बात थी जी," काका ओशाळून म्हणाले.

बाहेर आल्यावर तिवारीजी म्हणाले, "साइन होते-होते रह गया, नेहा जी." मी मनातल्या मनात कोचिंग क्लासची वेळ ठरवून टाकली.

त्याच आठवड्यात काका-काकू ऑफिसात आले. काकूंनी दारातूनच विचारलं, "आमची पोरगी कुठंय?" लग्नाचे पैसे लिक्विड फंडात ठेवले. हा फंड फार कमावून देत नाही, पण हवे तेव्हा पैसे सहसा एक-दोन दिवसांत परत मिळतात. त्यातलं कमिशन पाहून तिवारीजी म्हणाले, "इसमें तो हमारी चाय भी नहीं निकलेगी." पण क्लायंट तो क्लायंट. मी कायम झाले. कार्ड छापलं, आडनावासकट. पहिलं काकूंना दिलं, दुसरं बाबांना. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

काका-काकू अजून माझे क्लायंट आहेत. माझ्यासमोर त्यांना गुपित बोलता येत नाही, म्हणून सल्लामसलतीला दोघं स्वयंपाकघरात जातात. मी तोवर बिस्किटं खाते. "सध्या काही खर्च नाही" हे उत्तर मी तेव्हापासून, चहावर घरच्या गोष्टी निघेपर्यंत, खरं धरत नाही.