काळी दोनवरचा हिरवा ठिपका

शीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या हॉटेलात तंदूरपाशी होतो, हात पिठाने भरलेले. "झोपेतच गेली रे..." त्यांचे मिस्टर, मिलिंददादा, एवढंच म्हणाले. मी नुसता "हो, हो" करत राहिलो. आणि खरं सांगतो, पाठोपाठ मनात आलं ते हेच, आता मला तिथं कोण बोलावणार?

तिथं म्हणजे शेजारच्या न्यूनेन गावात, दर महिन्याला. भाड्याचा हॉल, आधी बुद्धवंदना, मग भीमगीतं. जमणारे सगळे आपलेच, पण इंजिनिअर, संशोधक. मी नववीत शाळा सोडलेला. पहिल्यांदा गेलो तो दाराशीच, बूट काढतात तिथं बसलो. शीलाताई पेटीमागून ओरडल्या, "प्रकाश, बुटांना गाणं ऐकवतोस का? पुढं ये!" गेलो, पण भीतीनं आवाजच लागेना. त्यांनी पेटीवर चाचपत माझा सूर शोधला, काळी दोन, आणि लेकीकडून हिरवा गोल स्टिकर मागून त्या पट्टीवर चिकटवला. "ही तुझी जागा. आता हरवायची नाही." त्यांची स्वतःची काळी पाच. माझ्या सुरात कोरस धरताना त्यांचा आवाज खाली कोंडायचा. मी म्हणायचो, "ताई, तुमच्या पट्टीत घ्या की." "माझा आवाज घरी ऐकून कंटाळलेत सगळे." मागून मिलिंददादा, "खरंय!" हॉटेलातल्या नोकरीचं कंत्राट वाढेल का, परत जावं लागेल का, ही धास्ती मला रोजची, त्या दुपारी तेवढी नसायची.

त्या गेल्यानंतरच्या वंदनेआधी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'पेटीला कुणी नाही, यावेळी गाणी स्पीकरवर लावूया?' चांगल्या मनानंच लिहिलं होतं. पण स्पीकर आला की माझं तिथं काय काम... रात्रभर तेच. तरी सुट्टी मागून गेलो आणि पुन्हा बुटांपाशीच बसलो.

वंदना संपली. स्पीकरची वायर शोधणं चाललं होतं. तेवढ्यात ताईंची लेक मैत्रेयी पेटीसमोर जाऊन बसली. तिला पेटी येत नाही. मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर देणारी पोर. एका हाताने भाता ओढत तिने दुसऱ्या हाताचं बोट त्या हिरव्या ठिपक्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे तुमचा ना?"

भाता अडखळत होता, सूर मधेच तुटत होता, पण काळी दोनच होती. आवाज लागेल की नाही, माहीत नव्हतं... मी बुटांपासून उठलो.