शेवटच्या डावाआधी काढून घेतलेला चेंडू

भिंगारच्या मैदानावर कॉलेजांच्या बेसबॉल स्पर्धेची फायनल होती. मी पिचर, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारी. त्या दिवशी माझा हात असा चालत होता, की त्यांची एकही मुलगी पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंतही, पोचली नव्हती. चुकून कुणी चेंडू मारलाच, तर आमच्या पोरी तो सोडत नव्हत्या.

शेवटचा डाव उरला, तेव्हा माझे चेंडू झेलणारी आमची कॅचर पाणी पिता पिता म्हणाली, "आशीच मॅच संपवली ना, तर याला परफेक्ट गेम म्हणत्यात. त्यांची एकबी पोरगी बेसवर जाता कामा न्हाई. लई कमी पिचरच्या नशिबात असतं बग."

मी मैदानाकडे निघाले, तर आमचे कोच आडवे आले.

"बॉल दे. आता माझी भाची टाकेल."

"सर, एकच डाव राहिलाय."

"म्हणूनच. फायनल खेळली असं तिला दाखवता यायला हवं, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी बघायचीय. तू काय, कर्जतला शेतातच जाणार."

मी चेंडू त्यांच्या हातात दिला नाही. बुटांपाशी टाकला आणि तारेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले. भाचीचे चारही चेंडू बाहेर गेले, आणि नियमाप्रमाणे समोरची मुलगी आरामात चालत पहिल्या बेसवर गेली. परफेक्ट गेम तिथंच संपला. सामना आम्ही जिंकलो. भाची रडत होती. मला तिची जराही दया आली नाही.

बक्षीस घेताना सर माइकवर म्हणाले, "आमच्या मुली जवळजवळ परफेक्ट खेळल्या."

मी खालून ओरडले, "जवळजवळ का, तेही सांगा की!"

पुढच्या निवड चाचणीला मला बोलावलं नाही.

मध्यंतरी नणंदेच्या मुलीनं पुण्यात मला बोलिंग, म्हणजे जड बॉल घरंगळत सोडून समोरच्या पिना पाडायचा खेळ, खेळायला नेलं. प्रत्येक फेकीत सगळ्या पिना पाडल्या की तिथंही परफेक्ट गेम होतो म्हणे. मी विचारलं, "मधेच कुणी बॉल काढून घेतं का गं?"

ती हसली. "कोण कशाला घेईल, मामी?"

आता मी कर्जतच्या एका शाळेत खेळ शिकवते. परवा आमच्या सामन्याला तेच सर पाहुणे म्हणून आले. मुलींसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही माझ्या हाताखाली तयार झालेली."

मी खांदा काढून घेतला. "सर, पाहुण्यांची खुर्ची मंडपात आहे," म्हटलं. "मैदानात यायचं नाही."