मावसाजींचं हेल्मेट

अख्ख्या रायपूरची काळजी एकट्याने वाहणारा माणूस पाहायचा असेल, तर आमच्या मावसाजींना भेटायला हवं. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण घाबरण्यातून त्यांनी कधी साधी रजासुद्धा घेतली नाही. ऑटोत मागे बसतानाही हेल्मेट घालणारे शहरात बहुधा ते एकटेच. एकदा सदर बाजारात मावशीची जोडवी घ्यायला तसेच आत शिरले, तर सराफाचा हात शटरकडे गेला. घरातलं कुणीही कुठेही निघालं, की मागोमाग यांचा फोन, "पोहोचला का?" मी शंकर नगरच्या कोपऱ्यावर दाढी करायला गेलो तरी तो यायचा, आणि मी फेसाळल्या तोंडाने "हव" म्हणायचो.

गर्दीचं मात्र त्यांना भय नव्हतं. गर्दीत पडलं तर उचलायला माणसं असतात, असं ते म्हणायचे. भय मोकळ्या रस्त्याचं, आणि नेमकी त्यांची मुलगी राहायला गेली नवा रायपूरला! तिथल्या रुंद, सुनसान रस्त्यावर छाती धडधडली तर बघणार कोण? दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा घामाघूम होऊन अर्ध्या वाटेतून परतले. नातीने पहिली पावलं टाकली, तीही त्यांनी मोबाइलवरच पाहिली. त्या दिवशी ते मावशीला म्हणाले, "मले दवाखान्यात घेऊन चल."

औषधांनी थोडाच फरक पडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चुंबकाचे उपचार सुचवले. डोक्याला बाहेरून कॉइल टेकवून चुंबकाचे ठोके द्यायचे. चिरफाड नाही, भूल नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. झालं! मावसाजींना आता काळजीच्या उपचारांचीच काळजी लागली. दाढेत भरलेली चांदी खेचली जाईल का? मधेच लाइट गेली तर डोकं अर्धवट राहील का? शेवटी मशीनवरची मुलगी कंटाळून म्हणाली, "अंकल, पहले हेल्मेट तो उतारिए." टकटक सुरू झाली, तसा त्यांनी माझा हात असा आवळला की माझीच बोटं बधिर झाली. मावशी म्हणाली, "एवढी वर्षं मी टकटक करून राहिली, तेव्हा नाही काही झालं."

काही आठवडे हे रोज चाललं. एका सकाळी मावशीचा फोन आला. मावसाजी घरात नव्हते, फोन उचलत नव्हते आणि हेल्मेट खुंटीलाच होतं. सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, पालथा घालून मी शेवटी त्यांच्या मुलीला फोन लावला, तर उचलला मावसाजींनीच. एकटे बसने गेले होते.

"तू काहून घाबरून राहिला बे?" ते म्हणाले. "धडधडलं ना मलेही. बसून राहिलो खिडकीपाशी. उतरून घरी आलो, तर पोट्टी, नात आपली, फाटकात उभी."

मला भर रस्त्यात रडू आलं.

गुण चुंबकाचा, औषधांचा की नातीचा, देव जाणे. आता मावसाजी मनात येईल तेव्हा तिकडे जातात आणि कुणालाही फोन करत नाहीत. आम्ही सगळे खूश आहोत, अगदी खरंच. फक्त परवा न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, फेस लागला, दाढीही उरकली, तरी खिशातला फोन काही वाजला नाही. घरी आल्यावर मीच त्यांना फोन लावला आणि म्हणालो, "पोहोचलो."

पलीकडून मावसाजी म्हणाले, "बरं केलं, सांगतलं."