अप्पांच्या शेजारची रिकामी जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार कसा... आमच्या लहानपणी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जी काही भुतं निघाली, त्यातली निम्मी मीच होतो. एकदा पांढरी चादर पांघरून तालमीच्या पोरांना घाबरवायला गेलो आणि पाय अडकून थेट पाण्याच्या हौदात पडलो. मला बाहेर काढणारा बसू. शाळेपासूनचा दोस्त... होता, असं आता लिहावं लागतंय.

बसूचं मूळ गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, दारात मराठी. मला कन्नडमधलं 'नीर' म्हणजे पाणी, एवढंच येतं. लिंगायत लोक दहन करत नाहीत. माणसाला बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. त्या गावच्या रुद्रभूमीत, म्हणजे दफनभूमीत, जुन्या घराण्यांच्या दगडी समाध्या आहेत, घुमटाच्या, कमानीच्या, काही तर चांगल्या खोलीएवढ्या. मला जुन्या दगडांचे फोटो काढायचं वेड (प्रत्येक फोटोत माझा अंगठा येतो, ते सोडा). गेल्या थंडीत बसूच्या मागं लागून गेलो.

आधी त्याच गावात दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीकडं, गौराक्काकडं. बसूपुढं चहा, चिवडा, लाडू. माझ्यापुढं अर्धा कप, तोही बशीशिवाय.

"घ्या पावणं," ती म्हणाली.

लग्नाआधी पेठेत असताना माझं नाक पुसलेली बाई मला पावणं म्हणते? मी बसूकडं बघितलं. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. मला वाटलं, मागच्या फोटोत मी तिचं डोकं कापलं होतं, त्याचा राग असेल.

रुद्रभूमीत पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. शेळ्या चरत होत्या. बसूच्या घराण्याची समाधी टोकाला, लिंबाखाली — ठेंगणं दार, आत दगडी खोली, वर घुमट. डावीकडं अप्पा, म्हणजे बसूचे वडील. उजवीकडं जागा रिकामी, पण झाडून स्वच्छ ठेवलेली. ती अव्वाची, बसूच्या आईची.

अव्वा दोन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात कोल्हापुरात गेली. तिचा हट्ट एकच होता — मला ह्यांच्या शेजारी बसवा. पण बसू मला म्हणाला, "पूल पाण्याखाली हाय, बाळू. आता काय करू?" अव्वाची माती कोल्हापुरातच झाली. पुढं पेठेतल्या भावकीनं तोंड सोडलं, तेव्हा घरोघरी जाऊन मीच सांगितलं... पूल बंद होता, त्यात बसूचा काय दोष?

अप्पांचं पेठेत किराणा दुकान होतं. 'शरणार्थी' हा लिंगायतांचा रामराम, त्यावर 'शरणु शरणार्थी' म्हणायचं. आम्ही पोरं उगीचच दुकानापुढून येरझाऱ्या घालून 'शरणार्थी अप्पा' म्हणायचो आणि गिऱ्हाईक सोडून ते दर वेळी उत्तर द्यायचे. म्हणायचे, "समोरच्यानं हात जोडल्यावर गप्प बसू नये."

तीच खोड त्या दिवशी उसळली. दारात वाकलो (डोकं आपटलं, अर्थातच) आणि आत बघून मोठ्यानं म्हणालो, "शरणार्थी, अप्पा."

"शरणु शरणार्थी."

आधी वाटलं, घुमट आहे, आवाज घुमला. पण घुमट माझेच शब्द परत देईल, पदरचा शब्द घालणार नाही. आणि तो आवाज... तंबाखूनं खरखरीत झालेला, शेवटाला जरा वर चढणारा. आत कुणी नव्हतं. नुसता वाळलेला बेल. मग सावकाश, दुखावलेल्या माणसाच्या आवाजात —

"नीर इळदित्तल्लो, बसू."

बसू माझ्या मागं उभा होता. त्यानं माझा दंड घट्ट धरला आणि अगदी हळू म्हणाला, "गोत्तित्तु, अप्पा."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालं रं अप्पा?"

"पाणी घेणार काय म्हणून इचारलं."

"आणि तू?"

"नको म्हटलं."

आणि मी ते मानलं. अप्पांच्या घरी आधी पाणीच पुढं यायचं की.

संध्याकाळी पेठेत परतल्यावर कट्ट्यावर मी सगळं सांगितलं. बसूनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "कुठला आवाज? ह्यानं दारावर डोकं आपटलं, तवापासनं बडबडतोय." कट्टा हसला. "बाळू, चादर कुठं हाय तुझी?" सवयीनं मीही हसलो. माझं हसं होणं मला नवीन नाही. पण ज्यानं माझा दंड धरला होता, त्याच्याकडून?

आठवडाभरानं एकटाच एसटीनं गौराक्काकडं गेलो. ते शब्द गाण्यासारखे पाठ झाले होते. "काय पावणं, एकटंच?" असं ती म्हणतेय तोवर मी ते म्हणून दाखवले. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"'पाणी उतरलं होतं की रं, बसू,'" ती म्हणाली. "कुणाकडनं ऐकलंस हे?"

मी सांगितलं. तिनं बसकण मारली आणि मग बोलायला लागली. अव्वाच्या मातीच्या दिवशी पहाटेच पुलावरचं पाणी उतरलं होतं. तिनं स्वतः बसूला फोन केला — रस्ता मोकळा झालाय, अव्वाला घेऊन ये, अप्पांशेजारी जागा तयार हाय. त्यावर बसू तिला म्हणाला होता, "बाळू थांबू देत न्हाई. मातीला उशीर नको म्हणून हट्ट धरून बसलाय."

म्हणजे पेठेत मी त्याच्यासाठी भांडत होतो आणि गावात अव्वाचा गुन्हेगार मी होतो. गौराक्कानं दोन वर्षं मला शिव्या घातल्या होत्या. अर्धा कप तरी मिळाला, हेच नवल.

"अप्पा बोलल्यावर बसू काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"गोत्तित्तु."

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "'म्हाईत होतं' म्हणाला." उठून तिनं चहा ठेवला. काठोकाठ कप, बशीसकट. "घे, बाळू."

बसूनं असं का केलं, मी विचारलेलं नाही. कट्ट्यावर तो अजून माझ्या डोक्याचा किस्सा रंगवून सांगतो म्हणे. आणि तो आवाज? जी भाषा मला येत नाही, तिच्यातलं वाक्य माझ्या डोक्यात कुठून येणार?

त्या दिवशी गौराक्काकडनं परतताना रुद्रभूमीत गेलो. या वेळी नीट वाकलो, हात जोडले. "शरणार्थी, अप्पा." शेळ्या घराकडं निघेपर्यंत थांबलो.

उत्तर आलं नाही. ते का आलं नाही, याचंही स्पष्टीकरण माझ्याकडं नाही.