काकू पोचवायला गेल्या

गल्लीत कोणी गावाला निघालं की त्याला गाडीत बसवून द्यायचं काम गादीवाल्या काकूंचं. त्यांना ते कोणी दिलं नव्हतं, त्यांनीच अंगावर घेतलं होतं. फलाटावरून नुसता हात हलवणं त्यांना मान्य नव्हतं. डब्यात चढायचं, गाद्या बांधायच्या सुतळीने सामान जखडायचं, शेजारच्या प्रवाशाला "लक्ष असू द्या हो" म्हणून सांगायचं आणि गाडीने पहिला धक्का दिला की उतरायचं. आयुष्यभर त्या धक्क्याने काकूंना दगा दिला नव्हता.

काकूंना एकच बहीण, धाकटी. दूरच्या शहरात राहायची. दोघींचा अबोला होता तो एका गादीवरून. बहिणीच्या नव्या घरासाठी काकूंनी स्वतः टाके घालून गादी पाठवली, आणि ती चार पाहुण्यांत म्हणाली, "ताईच्या गादीत गोळे आहेत." काकू एक वेळ स्वतःला नावं ठेवलेली ऐकून घेतील, पण गादीला?

"एकदा जाऊन ये की," नवरा म्हणायचा.

"दिवसभराचा प्रवास. माझी कंबर राहील का जागेवर?"

खरं तर देवापुढे हात जोडले की त्यांच्या तोंडी पहिलं नाव त्या बहिणीचंच यायचं. पण ते देवाला माहीत. तो कुठे सांगायला जातो?

अशात लेकीला परगावी नोकरी लागली. जायचं होतं नव्या वेगवान गाडीने. काकू दुकानातल्या चपलांवर, केसांत कापूस तसाच, पोचवायला निघाल्या.

"आई, इथे सामान बांधत नाहीत. वर फळी आहे."

"फळी आहे म्हणून चोर सुधारले का?"

काकूंनी बॅग फळीच्या दांडीला आवळली, शेवटची गाठ मारली आणि वळून पाहिलं, तर फलाट चालायला लागला होता.

"सुटली?"

"सुटली."

"धक्का न देता? माणसाला कळायला नको?"

दार आपलं आपण मिटलं होतं. खिडकी उघडत नव्हती. तपासनीस आला आणि त्याने तिकीट मागितलं.

"मी प्रवासी नाही," काकू म्हणाल्या. "मी पोचवायला आलेय."

"कुठपर्यंत?" त्याने विचारलं.

लेकीने मुकाट्याने दंड भरला.

"पुढचं स्टेशन कुठलं?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मावशीचं."

काकू मटकन बसल्या. बसल्या बसल्या सवयीने खुर्ची अंगठ्याने दाबून पाहिली. "फोम. दोन वर्षांत बसेल."

तोवर लेकीने मावशीला फोन लावलाही. काकूंनी हातवारे करून पाहिले, व्यर्थ. मग त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि बहिणीला काय बोलायचं त्याची जुळवाजुळव सुरू केली. जुन्या गाडीत दिवसभर हेलकावे खाताना राग हळूहळू उतरवता आला असता. ही गाडी इतकी सरळ आणि इतकी सुसाट, की काकू 'तू त्या दिवशी पाहुण्यांसमोर' इथपर्यंत येतात तोच वेग कमी झाला.

"उतर लवकर, दार थांबत नाही," म्हणत लेकीने त्यांना खाली ढकललं.

समोर बहीण उभी. तीही घरातल्याच चपलांवर.

"आलीस?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी, आणि रिकाम्या हाताने?"

"मी आलेली नाही. मला आणलंय. परतीच्या गाडीने जाणार."

"जा. पण आधी केसांतला कापूस तरी काढ. लोकांना वाटेल मीच डोकं फोडलं."

बहिणीच्या घरी पाणी पिऊन काकूंनी कंबर टेकली. जरा वेळाने कूस बदलली. मग दुसरी. मग उठून बसल्या.

"गोळे आहेत."

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग अजून हिच्यावर का झोपतेस?"

"काय करू? चांगली गादीवाली एकच माहीत, आणि ती माझ्याशी बोलत नाही."

चादर बाजूला करून काकूंनी कडेचा टाका नखाने उसवला. एवढ्यात नवऱ्याचा फोन आला, दुकान उघडं टाकून गेलीस कुठे म्हणून.

"पोचवायला आलेय," काकू म्हणाल्या. "वेळ लागेल." आणि फोन ठेवून बहिणीकडे वळल्या. "मोठी सुई आहे का घरात? आणि तू तिकडून धर. नीट धर, तुला कधी जमलं नाही ते."